चूक प्रॉम्प्टरची

रविवार, ६ ऑक्टोबर. वडसा

नवीन नाटक शंभर पानी वहीत उतरवून काढलं, तर ते साठ पानांतच संपलं. उरलेली पानं कोरी टाकायला मन होईना, म्हणून मागच्या बाजूनं हे लिहायला घेतलं आहे. बायको अख्तरी म्हणाली, "कोन वाचनार आहे तुमचं?" कुणी वाचलंच तर त्याला निदान माणूस कळावा. मी अयूब, वडशाचा दर्जी. आठ महिने शिलाई मशीन चालवतो आणि भाऊबीजेपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकात प्रॉम्प्टर असतो. स्टेजच्या पुढच्या खड्ड्यात, ऑर्गनवाल्याच्या बाजूला बसून नटांना वाक्यं देतो. आमच्याकडं एक नट एका हंगामात तीन-चार नाटकं करतो, पाठांतराला वेळ कुणाला आहे? मी हळू आवाजात वाक्य द्यायचं, नटानं ते उचलायचं आणि लोकांना वाटायचं की ते त्याच्या काळजातून निघालं.

धनराज आमचा मुख्य नट. मंडईच्या जत्रेसाठी, शंकरपटाच्या बैलशर्यतीसाठी नाटक ठरवायला गावोगावची मंडळी आमच्या ऑफिसात येतात, ती खुर्चीवर बसायच्या आधी विचारतात, "धनराजभाऊ आहेत ना जी?" मालक मुखरूभाऊ हो म्हणाले की मगच बोलणं पुढं सरकतं. या धनराजला मी बावीस वर्षं वाक्य देतो आहे.

आमच्या धंद्याचा एक कायदा आहे. वाक्य पडलं की चूक प्रॉम्प्टरची. नट कधी चुकत नसतो. मला हा कायदा मान्य आहे, कारण बावीस वर्षांत धनराजचं एकही वाक्य माझ्यामुळं पडलेलं नाही. माझ्याकडं दुसरी काही मिजास करण्यासारखी गोष्ट नाही, ही एवढी आहे.

आज पहिली तालीम. धनराज म्हणाला, "तिसऱ्या अंकातलं भाषण लांब होते, अर्धं काट." आजवर दुसऱ्यांची वाक्यं स्वतःकडं ओढणारा माणूस स्वतःचं भाषण कापायला सांगतो, याचं मला हसूच आलं. दाढी करताना त्याची हनुवटी कापली होती, चहा येईपर्यंत कापूस लालच होत राहिला. खिशात गोळ्यांची पाकिटं दिसली. विचारलं तर म्हणाला, ताकदीच्या आहेत. मी म्हटलं, "हिरो म्हातारा झाला." एरवी यावर तो मला दोन शिव्या देतो. आज दिल्या नाहीत.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आज धनराजचं वाक्य पडलं.

तिसरा अंक. सासरहून परत आलेल्या मुलीला बाप अंगणातच थांबवतो, तिथलं भाषण. मुलीचं काम मोनाली करते. ती रडत उभी, आणि मी वाक्य दिलं, "पोरी, या अंगणात तू पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी घरी नव्हतो." धनराज माझ्याकडं पाहत राहिला. पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं दिलं की बाहेर पानठेल्यावर ऐकू गेलं असेल. त्याचं तोंड थोडं उघडं, उजवा हात खाली लोंबत होता. कोणी तरी हसलं. मुखरूभाऊंनी तालीम थांबवून चहा मागवला. चहा येईस्तोवर धनराज ठणठणीत, आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "अयूब, आवाज कुठी गेला तुहा? मले काईच ऐकू येऊन नाई राह्यलं."

मी सगळ्यांची माफी मागितली. घरी येऊन अख्तरीला उभं केलं खोलीच्या त्या टोकाला आणि सगळं भाषण हळू आवाजात वाचलं. तिनं शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला. पण ती बायको आहे, तिला माझा आवाज सवयीचा आहे. तिच्या साक्षीवर माझा विश्वास नाही.

सोमवार, २१ ऑक्टोबर

खर्रा सोडला. तीस वर्षांचा सुपारी-तंबाखूचा खर्रा, गळ्याची वाट त्यानंच लावली असणार. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. ब्रह्मपुरीला जाऊन डोळे तपासले आणि नवा चष्मा केला, म्हणजे अक्षर शोधण्यात पाव सेकंदही जायला नको. डोकं भयंकर दुखतं आहे. ठेल्यावरची मंडळी विचारतात, "अयूबभाऊ, हजला चालले का?"

बुधवार, ६ नोव्हेंबर

पहिले दोन प्रयोग झाले, दोन्ही उत्तम. धनराजला सांगितलं की तुझ्यासाठी खर्रा सोडला. तो पायातल्या चपला पाहत राहिला. मग म्हणाला, "एवढं कायले केलं बे?" गळा भरून आल्यासारखा वाटला मला तो. इतक्या वर्षांचा सोबती आहे, त्याला जाणवणारच.

सोमवार, ११ नोव्हेंबर

परवा धानोऱ्याकडच्या एका गावात प्रयोग होता. तेच भाषण, तेच वाक्य, आणि पुन्हा तेच. मी चारदा वाक्य दिलं. समोर तीन हजार माणूस. लोकांनी शिट्ट्या मारल्या, एकानं चप्पल फेकली. मोनाली शहाणी, तिनं धनराजच्या पायाशी पडून हंबरडा फोडला आणि त्याचं भाषणही स्वतःच रडत रडत म्हणून टाकलं. लोकांना वाटलं, बापाला दुःखानं वाचा राहिली नाही. टाळ्याही पडल्या.

गाडीत मुखरूभाऊंनी विचारलं. धनराज खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "मले वाक्य भेटलंच नाई."

मी ऑर्गनवाल्याकडं पाहिलं. तो माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला असतो, त्यानं चारही वेळा ऐकलं होतं. त्यानं डोळे मिटून घेतले. धनराजनं नाही म्हटलं की नाही, आणि त्यालाही घर आहे. पण मग मी दिलंच की नाही? आता माझाच मला भरवसा वाटेना. दिल्यासारखं वाटतं आणि ओठच हलतात, असंही होत असेल या वयात.

बुधवार, १३ नोव्हेंबर

मुखरूभाऊंनी ऑफिसात बोलावलं. "अयूबभाऊ, वाईट नोका वाटून घेऊ. धानोऱ्याकडची तीन गावं म्हनते, तो प्रॉम्प्टर असन तर नाटक नोको." माझ्या जागी सिंदेवाहीचा एक माणूस घेतला आहे. धनराज तिथंच बसून मोबाइल पाहत होता. मी त्याच्याकडं पाहिलं, तर मान वर न करता म्हणाला, "एक साल आराम कर अयूब."

त्याच्याही जिवाला लागलं असणार. माझ्या नजरेला नजर देववत नव्हती त्याला.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

इतर मंडळांत विचारून पाहिलं. अयूबचा आवाज गेला, ही बातमी माझ्या आधी सगळीकडं पोहोचली आहे. गंमत अशी की आता लोक माझ्याशी मोठ्यानं बोलतात, जणू आवाज नाही, कानच गेलेत. आज एक बाई ब्लाउज टाकायला आली, तिनं खुणांनी गळा किती मोठा ते दाखवलं.

नाटकाचा हंगाम भरात आहे आणि मी मशीनवर बसलो आहे. अख्तरी म्हणते, "गेलं तर गेलं, जीव तर नाई गेला." तिला समजावत नाही मी. दर्जी वडशात पन्नास आहेत.

सोमवार, ९ डिसेंबर. चंद्रपूर

सकाळी सात वाजता धनराजची बायको वच्छलाबाई हिचा फोन. "भाऊजी, लवकर या. यायच्या हातातून कप पडला, बोलताच येऊन नाई राह्यलं." मी सायकलवर टांग टाकून निघालो. पोचेस्तोवर तो बोलायला लागला होता, फक्त जीभ जड होती. मला पाहून म्हणाला, "अयूब, चंद्रपूरले चाल माह्यासंग." तिघंही रेल्वेनं चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनला उतरलो. दवाखाना त्याला ठाऊक होता. तिथल्या रिसेप्शनवरच्या मुलीलाही तो ठाऊक होता. नट आहे, ओळखणारच, असं मी समजलो.

डॉक्टर संघप्रिया मॅडम नागपुरात असतात, आठवड्यातून काही दिवस इथं येतात. मूळच्या सिंदेवाहीच्या, लहानपणी आमची नाटकं पाहिलेल्या. त्यांनी धनराजला पाहिलं आणि आवाज चढवला, "धनराजभाऊ, सप्टेंबरमध्ये काय सांगितलं होतं मी? आठ दिवसांत या म्हटलं होतं. तीन महिने कुठं होतात?"

सप्टेंबर. मी टेबलावरचा कागद पाहिला. ११ सप्टेंबर. आमची पहिली तालीम ६ ऑक्टोबरची.

मॅडमनी मला समजावलं. मानेच्या डाव्या बाजूनं मेंदूला रक्त नेणारी शीर आतून चरबीच्या गाळानं जवळपास बंद झाली आहे. त्या गाळाचा बारीक कण सुटून वर गेला की काही मिनिटं बोलता येत नाही, उजवा हात लुळा पडतो. कण विरघळला की माणूस पहिल्यासारखा. "हा इशारा असतो, भाऊ. मोठा कण गेला तर वाचा कायमची जाते. हे सगळं मी यांना तेव्हाच सांगितलं होतं. बोलणं थांबलं की दहा मिनिटंसुद्धा घरी थांबू नका, म्हटलं होतं."

मी विचारलं, "मॅडम, अशा वेळी समोरच्याचं बोलणं ऐकू येते का?"

"कान चांगलेच असतात. पण बोलायला जावं तर शब्द निघत नाही."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. तालमीत तो माझ्याकडं पाहत होता ते आठवलं. त्याला काय होतंय हे माहीत होतं. आवाज कुठी गेला तुहा, असं विचारताना माहीत होतं. धानोऱ्याहून परतताना माहीत होतं. मी खर्रा सोडला ते सांगितलं तेव्हाही माहीत होतं. मी त्याचा गळा भरून आला असं लिहून ठेवलं आहे याच वहीत, मागं चार पानांवर. किती मूर्ख असावं माणसानं.

दोन महिने माझा माझ्यावरचा विश्वास गेला होता. स्वतःच्या तोंडातून आवाज निघतो की नाही याची मी बायकोकडून परीक्षा घेतली. हे त्यानं केलं, ज्याच्या तोंडात मी बावीस वर्षं शब्द ठेवले त्यानं.

बुधवार, ११ डिसेंबर. चंद्रपूर

दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. वच्छलाबाईला डबा आणून द्यायचा आणि बाहेर बसायचं. तिलाही त्यानं सप्टेंबरातलं सांगितलं नव्हतं, मान आखडल्याचा इलाज म्हणून सांगितलं होतं. आज ती आंघोळीला गेली तेव्हा त्यानं हाक मारली.

"तुले सारं समजलं."

"मॅडमनं सांगतलं. तू नाई सांगतलं."

"काय सांगू? मेंदूची बिमारी आहे म्हटलं असतं तर एका गावानं तरी बोलावलं असतं का मले? पूर्न हंगाम गेला असता. मंग पुढच्या साली कोन विचारते?"

"म्हनून माहा हंगाम घालवला?"

त्यावर तो रडला. खरं रडणं कोणतं आणि स्टेजवरचं कोणतं हे मला त्याच्या बाबतीत कळतं. हे रडणं खरं होतं. म्हणाला, "मले वाटलं, तू सांभाळून घेशील. मी पडलो का तूच तं सांभाळते."

मग त्यानं माझा हात धरून शब्द दिला. यातून उठलो की मुखरूभाऊसमोर, साऱ्या मंडळासमोर सांगीन की चूक अयूबची नव्हती, माझी होती. वच्छलाबाई दारात आलेली होती, तिनंही ऐकलं.

मी विरघळलो. अख्तरीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "त्यानं सांगतलं म्हनजे झालं का? तुमी या घरी." पण मी राहिलो. शब्द त्यानं मला दिला आहे आणि तो तिथून नीट उठला तरच पाळणार, म्हणजे त्याचं नीट उठणं आता माझंही काम झालं.

संध्याकाळी मॅडमनी चित्र काढून दाखवलं. जांघेतल्या शिरेतून बारीक तार घालून मानेपर्यंत न्यायची, तिथं जाळीची नळी बसवायची, फुगा फुगवून ती रुंद करायची. पण हे करतानाच गाळ सुटतो. म्हणून त्याच्या पुढं, मेंदूच्या बाजूला, आधी एक गाळणी उघडायची, छोट्या छत्रीसारखी. रक्त जातं, कण अडकतात. काम झालं की छत्री मिटून कणांसकट बाहेर. "धानाच्या बांधीच्या तोंडाशी मासे धरायला टोपली लावतात ना, तसंच," त्या म्हणाल्या. सिंदेवाहीच्या बाईला हेच सुचणार.

धनराजला मात्र एकच धसका बसला आहे. भूल देणार नाहीत. जागं ठेवून बोलतं ठेवणार, म्हणजे मेंदूला काही झालं तर लगेच कळावं. "मी काय बोलू? मले काई सुचनार नाई तिथी," असं तो लहान पोरासारखा म्हणत होता. मग एकदम, "अयूबले बोलवा आत. तो वाक्य देईल, मी बोलीन."

मॅडम हसल्या. म्हणाल्या, असं करत नाही कोणी. नंतर थोड्या वेळानं परत आल्या आणि म्हणाल्या, काचेच्या अलीकडच्या खोलीत बसायला चालेल, तिथं माइक आहे.

शनिवार, १४ डिसेंबर. चंद्रपूर

खोलीत काच होती, काचेपलीकडं धनराज आडवा, तोंडावर पांढरा उजेड. उजव्या हातात रबराचं पिवळं बदक दिलं होतं. सांगितलं की दाबायचं, चीं असा आवाज येतो. उजवा हात चालतो म्हणजे डावा मेंदू शाबूत. आमच्या नाटकाच्या हिरोच्या हातात बदक पाहून दुसऱ्या एखाद्या दिवशी मी लोळून हसलो असतो.

पडद्यावर त्याच्या मानेतली शीर काळ्या फांदीसारखी दिसत होती. एका जागी ती इतकी बारीक, की दोरा ओवायचा तर मी सुई बदलली असती.

मी माइकवर सुरुवात केली, "पोरी, या अंगणात तू पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी घरी नव्हतो." तेच भाषण घेतलं, जे दोनदा पडलं होतं. त्यानं उचललं. मी देत गेलो, तो बोलत गेला. मॅडम म्हणाल्या, "छत्री उघडली." बदक, चीं. "जाळी बसवते." बदक, चीं. नर्स बदकाऐवजी भाषणच ऐकत होती.

मग मॅडम म्हणाल्या, "फुगा," आणि धनराज थांबला.

वाक्य दिलं. नाही. पुन्हा दिलं. पडद्यावरचा ठोक्यांचा आकडा घसरत चालला होता. बदक गप्प. त्याचं तोंड थोडं उघडं, थेट धानोऱ्यासारखं. मी तिसऱ्यांदा वाक्य दिलं आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं की राहू दे असाच. मुका. मग कळेल वाक्य न भेटणं काय असतं ते. हे मी लिहून ठेवतो आहे, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मग मी चौथ्यांदा वाक्य दिलं, आणि मॅडमनी कसलं तरी इंजेक्शन मागितलं, आणि आकडा चढायला लागला. बदक वाजलं. त्याच्या मागोमाग माइकमधून बारीक आवाज आला, "तेव्हा मी घरी नव्हतो पोरी."

मॅडम मागं न पाहता म्हणाल्या, "घाबरू नका भाऊ, फुग्यानं ठोके मंदावतात कधी कधी." मी घाबरलो नव्हतो. मला माझी लाज वाटत होती.

नंतर त्यांनी ती छत्री आणि पांढऱ्या कापडावर झाडलेला चुरा दाखवला. पिवळट, मोहरीहून बारीक कण. "हे वर गेलं असतं तर नाटक संपलं होतं," त्या म्हणाल्या.

सोमवार, १६ डिसेंबर

काल त्याच्या डोक्याचं स्कॅनिंग झालं. नवीन डाग एकही नाही. मॅडमनी त्याला वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावले, पाच वस्तूंची नावं सांगून दहा मिनिटांनी परत विचारली. पाचही सांगितली, वर सहावी कोणती असावी तेही सुचवलं. आज सुट्टी मिळाली. रक्त पातळ करायच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असं त्यांनी तिघांना तीनदा बजावलं.

गाडीत तो झोपला होता, डोकं माझ्या खांद्यावर. मी हललो नाही.

शुक्रवार, २७ डिसेंबर. वडसा

अकरा दिवस वाट पाहिली. मंडळात त्यानं हर्नियाचं ऑपरेशन झालं असं सांगितलं आहे, हे कानावर आलं. दोन तारखेपासून पुन्हा उभा राहणार, हेही. आज दुपारी त्याच्या घरी गेलो. वच्छलाबाईनं चहा दिला. मी म्हटलं, "मंग? मुखरूभाऊले कवा सांगतं?"

"काय सांगू?"

"जे बोलला होता ते. दवाखान्यात."

तो माझ्याकडं पाहून हसला, बिचारं हसू. "अयूब, खरं सांगू का? मले तिथचं काईच आठवत नाई. सारं धुक्यावानी धुवारी आहे. मेंदूचंच काम केलं ना, थोडंफार पुसल्या गेलं असन."

मी वच्छलाबाईकडं पाहिलं. तिनं ऐकलं होतं, दारात उभी राहून. ती उठली आणि कप घेऊन आत गेली. आतून बराच वेळ कप धुतल्याचा आवाज येत राहिला.

सोमवार, ३० डिसेंबर

तीन रात्री विचार केला की खरंच विसरला असेल. आजारी माणूस, आपण कशाला पाप मनात आणावं? शेवटी आज मॅडमना फोन लावला. माणसाला ऑपरेशनच्या आदल्या दिवसांचं विसरायला होतं का, एवढंच विचारलं.

त्या म्हणाल्या, "धनराजभाऊंचं म्हणत असाल तर नाही. आपण गाळणी कशासाठी लावली होती? स्कॅनमध्ये एक ठिपका नाही. परवा फोनवर त्यांनी मला त्या दिवशीची सगळी हकीकत सांगितली, बदकासकट. तुम्ही वाक्य दिलंत तेही सांगितलं." मग काळजीनं विचारलं, "का हो, काही त्रास होतोय का त्यांना?"

मी म्हटलं, नाही मॅडम, एकदम चांगला आहे.

म्हणजे सगळं जिथल्या तिथं आहे त्याच्या डोक्यात. मी ओळखतो त्याला, खरं आणि खोटं मला कळतं, असा माझा समज होता. खिडकीबाहेर पाहून बोलला तेव्हाही कळलं नाही, हात धरून रडला तेव्हाही नाही. चीड त्याची येते त्याहून जास्त माझी येते. मी आता मंडळात जाणार आणि स्वतः सांगणार. सप्टेंबरची तारीख सांगीन, दवाखान्याचं नाव सांगीन. अख्तरी म्हणाली, "सांगा. पन सांगसान का तुमी?"

शुक्रवार, ३ जानेवारी

आज ऑफिसात गेलो. सकाळी अकराची वेळ. सिंदेवाहीकडच्या एका गावची पाच माणसं शंकरपटाचं नाटक ठरवायला आलेली होती. मुखरूभाऊ, धनराज, मोनाली, ऑर्गनवाला, सगळे हजर. मी दारातच उभा राहिलो. वातावरण तापलेलं होतं. गावचा म्हातारा अध्यक्ष सरळ विचारत होता, "धनराजभाऊले लकवा मारला म्हनते. चंद्रपूरले भरती होते म्हनते. खरं का खोटं ते सांगा जी. धानोऱ्याकडं बोलनंच बंद पडलं होतं म्हनते."

धनराज म्हणाला, हर्निया. म्हाताऱ्याला पटलं नाही.

तेवढ्यात मुखरूभाऊंचं लक्ष माझ्याकडं गेलं. "घ्या! ह्या अयूबभाऊलेच विचारा. बावीस वरीस संगं आहे. अन आता आमच्याकडं कामाले बी नाई, मंग खोटं कायले बोलन हा?"

सगळे माझ्याकडं वळले. धनराजही. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. म्हणजे त्याला आठवत होतं. ज्याला काही आठवत नाही तो घाबरेल कशाला?

मला एकच वाक्य बोलायचं होतं, पाठ करून आलो होतो. त्या एका वाक्यानं माझं नाव धुऊन निघालं असतं, आणि धनराजला यापुढं एकाही गावानं बोलावलं नसतं. का बोललो नाही ते नीट सांगता येत नाही. बावीस वर्षांत मी चार माणसांसमोर स्वतःचं वाक्य कधी बोललोच नाही, हे एक कारण असेल. मी मान खाली घातली आणि खड्ड्यात बसून द्यायचो त्याच आवाजात म्हटलं, "भाऊ, एका कांबळीत निजलो आपण."

आमच्या पहिल्या नाटकातलं भाषण, दोन भावांच्या वाटणीचं. गेल्या पंधरा वर्षांत ते कुणी केलेलं नाही.

धनराजनं उचललं. त्याच क्षणी, विचार न करता. "भाऊ, एका कांबळीत निजलो आपण, थंडी वाजली तर तू माझ्याकडं ओढायचा, मी तुझ्याकडं." मी पुढचं दिलं, त्यानं उचललं. तिसऱ्या वाक्यापासून मी थांबलो, तर तो स्वतःच पुढं गेला, सगळं भाषण, शेवटच्या हुंदक्यापर्यंत, एक शब्द इकडचा तिकडं नाही. अध्यक्षानं शेल्यानं डोळे पुसले. त्याच्यासोबतची पोरं टाळ्या वाजवू लागली, मोनालीही. म्हाताऱ्यानं नाटक ठरल्याचा नारळ काढून मुखरूभाऊंच्या हातात दिला आणि म्हणाला, "कोन म्हनते लकवा? त्याच्याच तोंडाले लकवा मारो."

माणसं गेल्यावर मुखरूभाऊ माझ्याजवळ आले. "अयूबभाऊ, आवाज तर तुमचा पह्यलेसारखाच आहे. दारातून बोलले अन मले कोपऱ्यात ऐकू आलं. धानोऱ्यात काय झालं होतं मंग? जाऊ द्या, उद्यापासून या परत."

मी धनराजकडं पाहिलं. मोठं काही नको होतं मला. सगळ्यांसमोर सांगणंही नको होतं आता. येऊ दे त्याला, एवढं म्हटलं असतं तरी मी सगळं सोडून दिलं असतं.

तो माझ्याकडं न पाहता म्हणाला, "नोको भाऊ. तो समोर खड्ड्यात असला का मले बोलता येत नाई."

मी घरी आलो. अख्तरीनं विचारलं, सांगितलं का? मी नाही म्हटलं. तिनं मशीनवरचं कापड माझ्यापुढं सरकवलं.

मले बोलता येत नाई, हे मी न दिलेलं वाक्य धनराजनं सगळ्या मंडळासमोर म्हटलं. कुठंही अडखळला नाही.